रिबकाला घरची आठवण येत नव्हती

मे महिना लागला की मला भिजवलेल्या पोह्यांचा, ओल्या नारळाचा आणि गुलाबाचा एकत्र वास येऊ लागतो. नाशकाच्या इंदिरानगरातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये यांतलं काहीही नसतं, तेव्हासुद्धा येतो. खाली आंबेवाल्याची गाडी उभी असते, समोरच्या इमारतीत कुणाची तरी फरशी कापणं चालू असतं, दुपारी दोनला रस्ता तापून रिकामा पडलेला असतो, आणि माझ्या नाकाशी मात्र इगतपुरीची ती संध्याकाळ येऊन बसते. पूर्वी मी उठून खिडकी लावून घ्यायचो. वास बाहेरून येत नाही हे ठाऊक असूनही लावायचो.

यंदा खिडकी लावून भागलं नाही.

एप्रिलच्या शेवटी डॅनियलचा फोन आला. हा आमच्या शिबिराचा सध्याचा कार्यवाह. चाळिशीचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरीला, बोलायला अतिशय नम्र. आमच्या ज्यू मुलांसाठी दर मे महिन्यात इगतपुरीला दहा दिवसांचं शिबिर भरतं. प्रार्थना शिकायच्या, सणांची माहिती घ्यायची, डोंगर चढायचे आणि आपण कोण ते समजून घ्यायचं. ते सुरू करणाऱ्या पाच-सहा जणांतला मीच काय तो उरलो आहे. यंदा शिबिराची पन्नाशी.

"सॉलीकाका, स्मरणिका काढतोय. तुमची एक गोड आठवण द्या. तीनशे शब्द. त्याहून जास्त लोक वाचत नाहीत."

"कडू असली तर?"

"कडूही चालेल काका. फक्त शेवट गोड करा."

त्याच संध्याकाळी माझी नात तारा फोनवर शिबिराचा फॉर्म भरत बसली होती. चौदा वर्षांची आहे, पहिल्यांदाच जाणार. प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि उत्तर टाइप करायचं. पोहता येतं का, चष्मा आहे का, शेंगदाणे चालतात का. अकराव्या प्रश्नाला ती थांबली.

"आजोबा, आई जन्माने ज्यू आहे का, असं विचारलंय. हो किंवा नाही. 'थोडीशी' असा ऑप्शनच नाही."

स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता, तो थांबला. माझी सून वर्षा सिन्नरजवळच्या शेतकरी घरातली. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत आमच्या घरात दिवे लावते ती वर्षाच, कारण माझी बायको गेल्यापासून दुसऱ्या कुणाला ते वेळेवर आठवत नाही. ती बाहेर आली नाही. चटणी अर्धी वाटलेली तशीच राहिली.

मला राग आला. या वयात आपल्या रागाला कुणी भाव देत नाही, रक्तदाबाची गोळी आणून देतात. मी गोळी बाजूला ठेवली आणि डॅनियलला फोन लावला.

"हा अकरावा प्रश्न कुणाच्या डोक्यातून निघाला?"

"काका, ती नुसती फॉर्मॅलिटी आहे. आपण कुणाला नाही म्हणत नाही."

"मग विचारता कशाला?"

"माहिती असावी म्हणून."

"माहिती असली की काय करता?"

तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "काका, तुमच्या काळात तर त्या परदेशी पाहुण्याने एका मुलीला भर शिबिरातून घरी पाठवलं होतं. मलिद्याचं ताट उलटं केलं होतं म्हणे. आपण तसलं काही करतोय का?"

ही गोष्ट आमच्या समाजात सगळ्यांना माहीत आहे. डॅनियलचा तेव्हा जन्मही झाला नव्हता, तरी त्याला माहीत आहे. लग्नात, सुतकात, सिनेगॉगच्या पायरीवर ती सांगितली जाते, आणि सांगणारा दर वेळी नव्याने संतापतो. ती खोटी आहे. खरं काय ते मला एकट्यालाच ठाऊक आहे, असं मी परवापरवापर्यंत समजत होतो.

आमच्याविषयी थोडं सांगायला हवं. आम्ही बेने इस्राएल. माझं आडनाव 'कर' लागून संपतं, भाषा मराठी, नाव सोलोमन. बँकेत, दवाखान्यात विचारतात, "ख्रिश्चन का?" मी नाही म्हणतो. "मग मुस्लिम?" मी नाही म्हणतो. त्यापुढचा पर्याय त्यांच्याकडे नसतो. आमचे पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शेजारपाजारचे त्यांना शनिवार तेली म्हणत. ते कुठून आले, किती शतकांपूर्वी आले, याचा कागद कुणाजवळ नाही. जवळ होतं ते एवढंच: शनिवारचा बंद घाणा, उजवा हात डोळ्यांवर ठेवून म्हणायची शेमाची प्रार्थना, आणि मलिद्याचं ताट. मलिदा म्हणजे एलियाहू हन्नाबी या आमच्या संदेष्ट्याच्या नावाने केलेला नवस फेडणं. भिजवलेले पोहे, नारळ, साखर, वेलची, वर पाच तऱ्हेची फळं, आणि हुंगायला गुलाब नाहीतर सब्जाची डहाळी. फळांसाठी देवाचे आभार मानायचे तसे सुगंधासाठीही मानायचे. जगातल्या इतर ज्यूंना हे ताट माहीत नाही. पोहे कोकणातले, संदेष्टा तिकडचा.

माझा थोरला भाऊ तरुणपणीच इस्राएलला गेला. तिथे त्याचं लग्न ठरलं तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी, ज्यूपण आईकडून येतं म्हणून, विचारलं, तुझी आजी कोण, तिची आई कोण, दाखला काय. भावाचं पत्र आलं तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. वडील वाचत होते आणि आई चुलीपुढे बसून ऐकत होती. तिने एवढंच विचारलं, "दाखला मागतात? घाणा बंद ठेवून जे अर्धपोटी राहिले, त्यांचा दाखला मागतात?" त्या दिवशी आमच्या घरात कुणी जेवलं नाही. मोठेपणी कुणाचाही दाखला मागणार नाही असं मी त्या दिवशी ठरवलं, हे वाक्य इथे लिहायला मला फार आवडलं असतं. पण माझ्यात त्या दिवशी निश्चय वगैरे काही आला नाही. भीती आली. कुणीतरी, कधीतरी येणार आणि आपल्याला तपासणार.

पुढे मी नाशिक रोडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात लागलो. संध्याकाळच्या गाडीने मुंबईला फुलांच्या करंड्या जायच्या. ओल्या गोणपाटाखाली गुलाब, मोगरा, निशिगंध. उन्हाळ्यात त्या गोणपाटाचा गारवा हाताला लागावा म्हणून आम्ही कारकून उगाच करंड्या हलवून बघायचो. मखमलाबादचे कारभारी आबा रोज यायचे. गुडघ्यापर्यंत धोतर, कानामागे एक गुलाबाची कळी, बोलणं खणखणीत. माझ्या शेजारच्या टेबलावर डेव्हिड बसायचा. माझा जिवलग मित्र, आमच्यातलाच. आबांची मुलगी सुमन कधीमधी त्यांच्यासोबत यायची, आणि डेव्हिडने तिच्याशी लग्न केलं. दोन्ही घरं वर्षभर रुसली. मग मुलगी झाली, रिबका, आणि रुसवे संपले.

रिबका नऊ वर्षांची असताना डेव्हिड आजारी पडून गेला. शेवटच्या आठवड्यात मला म्हणाला, "सॉली, पोर मोठी झाली की शिबिराला ने. ती कुणाची आहे हे तिला कळायला पाहिजे." सुमन तिला घेऊन माहेरी, मखमलाबादला राहायला गेली. तीन वर्षांनी मी आबांकडे जाऊन शिबिराचं बोललो. आबा म्हणाले, "बापाच्या घरचं हाय, शिकू द्या. तुम्ही हाय ना तिथं, मंग मला काय काळजी."

इगतपुरीच्या मे महिन्याला चव असते. नाशकात अंग भाजत असतं आणि तिथे संध्याकाळी घाटातून वारा वर चढतो, तेव्हा पोरं चादरी पांघरून बसतात. सुट्टीत रिकाम्या झालेल्या एका शाळेचं वसतिगृह आम्हाला मिळायचं. मागच्या उतारावर करवंदीच्या जाळ्या. पोरांचे ओठ आणि सदऱ्याचे खिसे जांभळे. खालून घाट चढून येणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारी इंजिनं इगतपुरीला सुटी होत आणि एकेकटी शिट्टी देत परत खाली जात. पोरं त्या शिट्टीवर जेवणाची वेळ ओळखायची. स्थानिक भाताला आंबट-गोड वाफ यायची. अजून कुठे नवा तांदूळ शिजला की मला तो व्हरांडा दिसतो, आणि त्यात ओळीने बसलेली तीस पोरं, ज्यांच्यापैकी प्रत्येकाला शाळेत कधी ना कधी 'तू नक्की कोण रे?' असं विचारलं गेलेलं होतं. दहा दिवस तो प्रश्न कुणी विचारणार नाही अशी एक जागा असावी, म्हणून तर आम्ही शिबिर काढलं होतं.

रिबकाला हिब्रू अक्षरं येत नव्हती. पण शेमा तोंडपाठ. बापाने शिकवला होता. बाकी पोरं मैदानात पळत आणि ही स्वयंपाक्याला कांदा कसा चिरायचा ते शिकवी. त्याने तिला 'मुकादम' नाव ठेवलं होतं.

त्या वर्षी पहिल्यांदा परदेशातून एक पाहुणा आला होता. पंचविशीचा पोरगा, उन्हाने सोललेलं नाक, हातात गिटार. मुलांना गाणी शिकवणार आणि परत गेल्यावर त्यांच्या संस्थेला अहवाल देणार. अहवाल हा शब्द ऐकला आणि आम्ही मोठी माणसं गडबडून गेलो. पडदे बदलले. भिंतींना चुना मारला. साहेबाची तपासणी असल्यासारखे इस्त्रीचे शर्ट घालून फिरलो. तो बिचारा हाफ पँटमध्ये करवंदं खात हिंडायचा.

शिबिरातल्या एका लहान मुलाला ताप आला. तीन दिवस उतरेना. चौथ्या दिवशी उतरला, तेव्हा रिबका माझ्याकडे आली.

"काका, ताप उतरला. आता मलिदा करायला पाहिजे. मी बोलले होते."

"तू नवस बोललीस?"

"मग काय, तुम्ही कुणी बोलला नाहीत."

"तुला करता येतो?"

"आई दर वर्षी करते ना. पप्पांनी माझ्यासाठी बोललेला. पप्पा गेले म्हणून नवस थोडाच जातो?"

मला कौतुक वाटलं. हे खरं आहे, मला कौतुकच वाटलं. मी स्टेशनवरून नाशिक रोडच्या माझ्या ऑफिसला फोन केला, आबांना निरोप गेला आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गुलाबांची अर्धी करंडी आली. त्या संध्याकाळी रिबकाने पोहे भिजवले, नारळ खवला, पाच फळं मांडली. सगळी पोरं गोल बसली. गुलाब हातोहात फिरला. प्रत्येकाने हुंगून पुढे दिला. पाहुण्याने तो नाकाशी बराच वेळ धरून ठेवला. खाली एक सुटं इंजिन शिट्टी देत घाट उतरलं. ताप उतरलेला पोरगा ताटातला खजूर चोरत होता आणि रिबका त्याच्या हातावर चापट मारत होती. डेव्हिड असता तर त्याने डोळे पुसले असते.

खाणं चालू असताना पाहुण्याने मला विचारलं, "ही मुलगी हे कुणाकडून शिकली?"

"आईकडून."

"आई कुठल्या सिनेगॉगची?"

त्याच्या आवाजात काहीच नव्हतं. गप्पा मारायच्या म्हणून मारत होता. पण मी इंग्रजीत, शक्य तितक्या हळू म्हणालो, "आई आमच्यातली नाही."

"अच्छा," तो म्हणाला. बोटं चाटली. "मग तर विशेषच आहे. अजून पोहे मिळतील का?"

एवढंच. माझ्या आयुष्यावर हात ठेवून सांगतो, त्या माणसाने एवढंच म्हटलं. ताट उलटं केलं नाही, कपाळाला आठी घातली नाही, मुलीला पाठवा असं सुचवलंसुद्धा नाही. दोनदा मागून घेऊन मलिदा खाल्ला.

उरलेलं सगळं मी माझ्या डोक्यात ऐकलं. त्याच्या 'अच्छा'चा मी अहवाल केला. तो तिकडे जाऊन लिहील, यांच्यात कुणाच्याही हातचं चालतं. मग पुन्हा पत्रं येतील, पुन्हा कुणाच्या तरी लग्नात दाखले मागतील, पुन्हा कुणाची आई चुलीपुढे उपाशी बसेल. तेव्हा ज्यू असल्याचा कागद ज्याच्याकडे नाही अशा माझ्यासारख्या माणसाने काय करावं? त्याने स्वतःहून, कुणी न सांगता, तपासनीस व्हायचं ठरवलं. आणि तपासायला निवडलं कुणाला, तर बारा वर्षांच्या मुलीला. आपल्या मेलेल्या मित्राच्या मुलीला. ज्यांना दाखला विचारता येईल त्यांच्या रांगेत सगळ्यांत शेवटची तीच होती.

ती मोरीवर ताट घासत होती. मी तिथे गेलो.

"रिबका, उद्या सकाळच्या गाडीने आपल्याला नाशकाला जायचंय. आबांची तब्येत बरी नाही."

तिचा हात थांबला. "पण फुलं तर त्यांनीच पाठवली."

"नंतर बिघडली."

"कोण म्हणालं?"

"स्टेशनवर फोन आला."

मुलीला परत पाठवण्याचं कारण मला तिच्या तोंडावर सांगता येईना, म्हणून मी एका धडधाकट म्हाताऱ्याला आजारी पाडलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

सकाळची पॅसेंजर. समोर भाजीच्या पाट्या घेऊन बसलेल्या बाया. घोटी आलं तेव्हा रिबकाने विचारलं, "जिवंत आहेत ना, काका?" मी म्हणालो, "अगं हो, साधा ताप." तिने उजवा हात डोळ्यांवर ठेवला आणि शेमा म्हणायला लागली. हळू आवाजात, पण त्या सगळ्या बायांच्या देखत. एकीने तिच्या गुडघ्यावर काकडी ठेवली, "खा गं बाई, होईल नीट." लहवित, देवळाली, प्रत्येक स्टेशनला ती हात काढून बाहेर बघायची आणि पुन्हा ठेवायची. त्या डब्यात त्या घडीला खरा ज्यू एकच होता, आणि मी त्याला घेऊन बाहेर सोडायला निघालो होतो.

मखमलाबादला आबा मळ्यात उभे होते. कमरेला झोळी, हातात कात्री, गुलाब छाटत होते. आम्हाला बघून हसले.

"काय सायेब, लवकर सुटलं का शिबिर? अजून लय दिस व्हते ना?"

रिबका बांधावर उभी राहिली. तिने आबांकडे बघितलं, पायापासून मुंडाशापर्यंत. मग माझ्याकडे बघितलं. बेचाळीस वर्षं झाली. त्या नजरेला उत्तर मी अजून शोधतो आहे. सुमन घरातून हात पुसत बाहेर आली.

मी म्हणालो, "तिला घरची आठवण येत होती."

कुणी काही बोलायच्या आत रिबका म्हणाली, "हो आबा. लय आठवण यायला लागली."

आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वेडी का काय तू. आम्ही कुठं पळून चाललो व्हतो?" सुमनने मला चहा दिला. मी तो प्यायलो. कपबशी परत देताना 'छान झालाय' असंही म्हणालो.

इगतपुरीला परतून मी शिबिराची नोंदवही उघडली. माझं अक्षर वळणदार म्हणून ती वही माझ्याकडे असायची. तिच्या नावापुढे लिहिलं, 'घरची आठवण येत असल्याने परत पाठविले.' ओळ सरळ, शाई काळी, एकही खाडाखोड नाही.

मग ती दुसरी गोष्ट तयार झाली. पाहुणा त्याच्या देशी निघून गेला होता. कुणीतरी मला विचारलं, "त्या गिटारवाल्याने डेव्हिडच्या मुलीला काढलं ना?" मी गप्प राहिलो. माझ्या गप्प बसण्याला लोकांनी 'हो' समजलं. वर्षा-दोन वर्षांत त्या गोष्टीत ताट उलटं झालं. आणखी काही वर्षांनी गुलाब चपलेने चिरडले गेले. मी मान हलवत ऐकायचो. एकदा तर लग्नाच्या पंगतीत मी स्वतः म्हणालो, "हे बाहेरचे लोक कोण आम्हाला शिकवणार?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आपल्याला रागवायला बाहेरचा माणूस मिळाला की पंगत मोठी गोडीगुलाबीने जेवते. आमच्या आजीची आजी कोण, असं विचारणाऱ्यांचा राग आम्ही साठ वर्षं जपून ठेवला आहे. खरा आहे तो राग, मी तो सोडणार नाही. पण त्याच्या आड उभं राहून आम्ही आमच्या लेकीसुनांना काय काय विचारतो, हेही कुणीतरी लिहायला नको का?

डॅनियलचा फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून मखमलाबादला गेलो. रस्ता ओळखू येत नव्हता, दोन्ही बाजूंना इमारती. मळा मात्र होता, अर्धा उरलेला. वर हिरवी जाळी, खाली गुलाबाचे वाफे. चौपन्न-पंचावन्नची बाई कात्री घेऊन चालत होती. चाल आबांची आणि कपाळ डेव्हिडचं.

"ओळखलंस का?"

"सॉलीकाका. इतके म्हातारे झालात, तरी शर्टाला इस्त्री आहेच."

खुर्ची आणली, पाणी आणलं. मी मनाशी घोकून आणलेलं सगळं बोललो. पाहुणा काय म्हणाला होता आणि काय नव्हता. तिला कुणी पाठवलं. वहीत काय लिहिलं. ती ऐकत होती आणि एकेका देठाचे काटे काढत होती. वहीतली ओळ ऐकल्यावर तिचा हात थांबला.

"असं लिहिलंत? घरची आठवण?" ती हसली, पण ते हसू माझ्यासाठी नव्हतं. "काका, मला तिथून निघायचंच नव्हतं. पप्पा गेल्यावर पहिल्यांदा कुणी माझं नाव नीट घेत होतं."

"तुला तेव्हा समजलं होतं?"

"बांधावरच समजलं. आबा उभे दिसले आणि समजलं. आदल्या संध्याकाळी तुम्ही त्या पाहुण्याशी बोलताना माझ्याकडे बघत होता, तेही आठवलं."

"मग तू माझ्यासाठी का खोटं बोललीस?"

तिने कात्री खाली ठेवली. "तुमच्यासाठी? काका, आई दारात उभी होती. मला कशामुळे परत आणलं हे कळलं असतं तर ती समजली असती की तिच्यामुळे. जन्मभर तेच घेऊन बसली असती. तिच्यासाठी बोलले. गेल्या साली गेली ती. जाईपर्यंत दर वर्षी मलिदा करायची आणि म्हणायची, पोरीला शिबिर मानवलं नाही, घरकोंबडी आहे."

मला माफी मागायची होती. मी तोंड उघडलं.

"ते नका बोलू," ती म्हणाली. "मी बरी आहे. माझी मुलं विचारतात तेव्हा सांगते, आपण दोन्हीकडचे. मलिदा दर वर्षी करते. फुलं घरचीच. तुम्ही फक्त ती ओळ नीट करा. मला घरकोंबडी म्हणून वहीत ठेवू नका."

निघताना तिने वर्तमानपत्रात गुंडाळून गुलाब दिले. मी घेतले. त्या घरी जाऊन मी घेतलेली ही तिसरी गोष्ट. पहिली मुलगी, दुसरा चहा.

पन्नाशीच्या प्रदर्शनासाठी जुने फोटो आणि नोंदवह्या लावायच्या आहेत. कुणाचं नाव काय हे सांगायला डॅनियलने सगळं माझ्याकडे आणून टाकलं होतं. परवा मी ती वही काढली. पान पिवळं पडलंय, पण शाई अजून काळीच आहे. जुनी ओळ मी खोडली नाही. खोडली असती तर मी काय केलं होतं ते कुणाला दिसलं असतं? खाली, आताच्या थरथरत्या अक्षरात लिहिलं: 'रिबकाला घरची आठवण येत नव्हती. तिची आई आपल्यातली नाही म्हणून मी तिला परत नेले. तसे करण्यास पाहुण्यांनी किंवा कोणीही सांगितले नव्हते. वरील ओळ खोटी असून ती मीच लिहिली आहे.' सही केली, तारीख घातली.

डॅनियल वही न्यायला आला आणि पान बघून दारातच उभा राहिला.

"काका, हे प्रदर्शनात कसं लावायचं?"

"उघडून लावायचं. हेच पान."

"लोक काय म्हणतील?"

"लोक चाळीस वर्षं म्हणतायत. आता वाचतील."

"आणि अकरावा प्रश्न?"

"या पानाशेजारी फॉर्मही लाव. मग तुझा तूच ठरव."

त्याने ठरवलेलं नाही. 'कमिटीत मांडतो' म्हणाला. प्रश्न अजून फॉर्मवर आहे, आणि माझा राग अजून माझ्याजवळ आहे. गोळी घेऊन तो जाणार नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही. स्मरणिकेला मी हाच लेख पाठवतो आहे. तीनशे शब्दांत बसत नाही. शेवट गोड करण्याचं मी कबूल केलं नव्हतं.

ताराने अकराव्या प्रश्नाला 'नाही' असं उत्तर दिलं आहे. खरं तेच लिहायचं, म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं, बांधावरचंसुद्धा. ती पुढच्या खोलीत पिशवी भरत होती, मी तिचे मोजे जोडीने गुंडाळत होतो. आत वर्षा प्रवासासाठी चटणी वाटत होती.

"आणि त्यांनी परत पाठवलं तर?" मी विचारलं.

"तर आठवण येत होती असं नाही सांगणार," तारा म्हणाली. "जे झालं तेच सांगीन. आईसमोर."

ती मोठ्याने बोलली होती. आत ऐकू गेलंच असणार. मिक्सर थांबला नाही.